वजनकाट्यावर लिव्हर दिसत नाही

आरोग्यविम्याच्या पॉलिसीत ‘यासाठी पैसे मिळणार नाहीत’ अशी एक लांबलचक यादी असते. ती सहसा कुणी वाचत नाही. तिच्यात लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा एक परिच्छेद आहे, आणि २०१९ साली विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, तो सगळ्या कंपन्यांसाठी एकाच भाषेत ठरवून दिला. त्याचा मथितार्थ असा : डॉक्टरांचा सल्ला असेल, वय अठरा किंवा त्याहून जास्त असेल आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर खर्च मागता येईल. बीएमआय ३५ ते ४० च्या मध्ये असेल, तर आधी सौम्य उपाय करून थकलेलं असायला हवं आणि सोबत चारांपैकी एक गंभीर दुखणं हवं : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह.

लिव्हर या चारांत नाही.

ते असायला हवं, असं माझं मत आहे. मात्र तिथे नुसतं ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी, असं लिहिलं तर नवा घोटाळा होईल. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी २०२२ साली भारतातल्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात प्रौढांमधलं फॅटी लिव्हरचं प्रमाण ३८.६ टक्के निघालं, मुलांमध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास. यातले काही अभ्यास रुग्णालयात आलेल्या लोकांवरचे होते, त्यामुळे घरोघरी जाऊन मोजलं तर आकडा खाली येईल. तरीही पसारा केवढा आहे ते कळतं. या सगळ्यांना ऑपरेशन टेबलवर घ्यायचं, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. (महामार्गाकडेचे काही फलक म्हणतात.) या गर्दीतून नेमकं कुणाला निवडायचं हा खरा प्रश्न आहे. आज ती निवड वजनकाटा करतो. ती लिव्हरमधल्या व्रणांवरून व्हायला हवी.

फॅटी लिव्हर आपल्याकडे बहुतेकांना पहिल्यांदा भेटतं ते सोनोग्राफीच्या रिपोर्टात. मुतखड्यासाठी किंवा कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफी होते आणि खाली एक ओळ येते, ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. मग कुणी घाबरून लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणतो, कुणी ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून फाइल कपाटात टाकतो. गंमत अशी की हे ग्रेड वन, टू, थ्री म्हणजे पडद्यावर लिव्हर किती पांढुरकं दिसतं त्याची प्रतवारी. चरबी साधारण किती, एवढंच त्यातून समजतं. त्या चरबीने लिव्हरला सूज आली आहे का, आणि सुजेतून आत व्रण धरलेत का, हे त्यातून समजत नाही. या व्रणांनाच डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या पायऱ्या शून्य ते चार अशा मोजतात आणि चौथी पायरी म्हणजे सिरोसिस. लिव्हरच्या बाबतीत माणसाचं पुढे काय होणार, हे सगळ्यात जास्त या पायरीवरून ठरतं. सिरोसिस पुढे सरकला की लिव्हरमधली चरबी बऱ्याचदा आपोआप कमी होते. म्हणजे रिपोर्टातला ग्रेड सुधारलेला आणि आजार बळावलेला, असंही होऊ शकतं.

त्यात लिव्हर दुखत नाही. गुडघे दुखतात, दम लागतो, घोरण्याने घरच्यांची झोप उडते, म्हणून त्यांची दखल घेतली जाते. लिव्हर मुकाट्याने काम करत राहतं. शिवाय आपल्या समाजात ‘लिव्हर बिघडलं म्हणजे दारू’ हे समीकरण इतकं घट्ट आहे, की माळकरी घरातल्या बाईला सिरोसिस निघाला तर नातेवाईक आधी रिपोर्टांची अदलाबदल झाली का, ते विचारतात.

शस्त्रक्रिया नेमकं काय करते? हल्ली मुख्यतः दोन प्रकार होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरलेल्याची अरुंद नळी होते. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं. पोटात जागा कमी झाली म्हणून वजन उतरतं, हा समज अर्धाच खरा आहे. आतड्यातून स्रवणारी संप्रेरकं बदलतात, भूक मंदावते, इन्शुलिन पुन्हा नीट काम करू लागतं आणि लिव्हरकडे येणारा चरबीचा ओघ आटतो. सर्जन मंडळी शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे रुग्णाला अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवतात. कारण चरबीने फुगलेला लिव्हरचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून काम करताना आडवा येतो. एवढ्या काळात तो चांगलाच आकसतो. चरबी अशी भराभर हलते. व्रण भरायला वर्षं लागतात, आणि ते भरतात का, हाच कळीचा मुद्दा आहे.

लिव्हरच्या डॉक्टरांना या शस्त्रक्रियांची बराच काळ धास्ती होती, आणि ती उगीच नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेत लठ्ठपणासाठी आतड्याचा बायपास सुरू झाला. जठर जसंच्या तसं ठेवायचं आणि लहान आतड्याचा बहुतेक भाग वाटेतून वगळायचा. वजन झपाट्याने उतरायचं. पण वगळलेल्या आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ व्हायची, शरीराला प्रथिनं मिळायची नाहीत, आणि काही रुग्णांचं लिव्हर निकामी होऊन ते दगावायचे. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जवळपास बंद पडली. लठ्ठपणा गेला आणि लिव्हर घेऊन गेला, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांची पिढी पुढे कितीतरी वर्षं शिकवत होती. आजच्या शस्त्रक्रिया वेगळ्या आहेत. तरी ‘वजन उतरलं म्हणजे लिव्हर सुधारलंच’ असं डोळे झाकून म्हणता येत नाही, हा तेव्हाचा धडा अजून लागू आहे.

२०१० साली वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या विषयावर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास शोधले, तेव्हा एकही सापडला नव्हता. पुढच्या तेरा वर्षांत चित्र बदललं.

पहिलं महत्त्वाचं काम फ्रान्समधल्या लील शहरातलं. तिथल्या डॉक्टरांनी सूज आलेलं फॅटी लिव्हर असलेल्या १८० लठ्ठ रुग्णांवर शस्त्रक्रिया केली आणि नंतर पुन्हा बायोप्सी करून पाहिल्या. बायोप्सी म्हणजे सुईने लिव्हरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. त्यात अंदाजाला फारशी जागा उरत नाही. २०२० साली त्यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. ज्यांची पाच वर्षांनी बायोप्सी झाली, त्यांच्यापैकी ८४ टक्के रुग्णांची सूज गेली होती आणि व्रण वाढले नव्हते. ७० टक्क्यांचे व्रण कमी झाले होते, ५६ टक्क्यांचे तर पूर्ण नाहीसे झाले होते. पहिल्या वर्षी सुरू झालेली ही भरपाई पाचव्या वर्षापर्यंत चालूच होती. लिव्हरचे व्रण एकदा झाले की झाले, असं ज्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात घोकलं होतं, त्यांना हे पचायला वेळ लागला असणार. मात्र या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि पाचव्या वर्षी सगळेच रुग्ण बायोप्सीला परत आले नव्हते. न आलेल्यांचं काय झालं असेल, हे मनात ठेवूनच तो आकडा वाचायला हवा.

तुलना आली २०२३ मध्ये, रोममधून. तिथे २८८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले गेले : एकाला आहार, व्यायाम आणि उत्तम औषधोपचार, दुसऱ्याला बायपास, तिसऱ्याला स्लीव्ह. वर्षानंतर व्रण न वाढता सूज गेलेले रुग्ण पहिल्या गटात १६ टक्के होते. बायपासच्या गटात ५६ आणि स्लीव्हच्या गटात ५७ टक्के. या अभ्यासात एकही मृत्यू झाला नाही. आहार-व्यायामाच्या गटातल्या लोकांना वाऱ्यावर सोडलं होतं असंही नाही. अभ्यासात असतं तसं त्यांच्याकडे बारीक लक्ष होतं. तरी १६.

आणि माणसं मरण्या-जगण्याचा हिशेब अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने २०२१ साली मांडला. बायोप्सीने आजार सिद्ध झालेले, पण सिरोसिस नसलेले १,१५८ रुग्ण. त्यांतल्या ६५० जणांवर शस्त्रक्रिया झाली होती, ५०८ जणांवर नाही. दहा वर्षांत सिरोसिस, लिव्हरचा कर्करोग, प्रत्यारोपण किंवा लिव्हरमुळे मृत्यू यांपैकी काही होण्याचं प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांत ९.६ टक्के होतं, झालेल्यांत २.३ टक्के. हृदयविकार, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून ८.५ वर आलं होतं. हेही तितकंच महत्त्वाचं, कारण फॅटी लिव्हर असलेली माणसं लिव्हरपेक्षा हृदयविकाराने जास्त दगावतात. दुसऱ्या पारड्यात चार मृत्यू आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या ६५० पैकी चार जण तिच्या गुंतागुंतीमुळे वर्षाच्या आत गेले.

म्हणजे शंभर जणांवर शस्त्रक्रिया केली, तर दहा वर्षांत सातेक जणांचं लिव्हर मोठ्या संकटातून वाचतं, आणि हजारात सहा जण लवकर जातात. हा हिशेब रुग्णासमोर असाच, दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नाही. अमेरिकेत शस्त्रक्रियेपर्यंत पोचणारा माणूस बहुधा आधीच जास्त काळजी घेणारा, चांगला विमा असलेला असतो आणि संख्याशास्त्राने तो फरक पूर्ण पुसता येत नाही. तरी रोमचा आणि क्लीव्हलंडचा निष्कर्ष एकाच दिशेला जातो, म्हणून मी त्याला वजन देतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा : एवढा उपद्व्याप कशाला? तोंडावर ताबा ठेवा, चाला, सगळं बरं होईल. म्हणणं चूक नाही. क्युबामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामाचं मार्गदर्शन करून पुन्हा बायोप्सी केल्या, तेव्हा ज्यांचं वजन १० टक्के किंवा जास्त उतरलं, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची सूज गेली होती आणि ४५ टक्क्यांचे व्रण कमी झाले होते. उत्तमच. पण एवढं वजन उतरवू शकलेले लोक होते जेमतेम दहा टक्के. बाकीचे नव्वद टक्के आळशी होते, असं म्हणणाऱ्याने लठ्ठपणाचं शरीरशास्त्र वाचलेलं नाही. वजन उतरू लागलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च घटवतं. मधुमेह्याला आपण ‘इन्शुलिन घेऊ नका, मनावर घ्या’ असं म्हणत नाही. लठ्ठ माणसाला म्हणतो, आणि विम्याच्या कलमाची भाषाही त्याच मनोवृत्तीची आहे. सौम्य उपायांत आधी नापास होऊन दाखवा, मग पुढचं बोलू. मधल्या काळात लिव्हरचे व्रण थांबून राहत नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला सर्जन मंडळींशीही भांडायचं आहे.

४० आणि ३५ हे आकडे १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेत ठरले होते, तिथल्या शरीरयष्टीचा विचार करून. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचा बीएमआय ३५ व्हायला सुमारे ९५ किलो वजन लागतं, ४० व्हायला १०९. आपल्याकडची माणसं त्याच्या कितीतरी आधी आजारी पडतात. यामागचं कारण पुण्यातूनच जगाला कळलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोटात चरबी. जन्मतः कमी वजनाचं भारतीय बाळसुद्धा चरबी राखून असतं, हे त्यांच्या पुण्याजवळच्या गावांमधल्या कामातून दिसलं आहे. पश्चिम बंगालमधल्या एका ग्रामीण पाहणीत, जिथे लोकांचा सरासरी बीएमआय २० च्याही खाली होता, तिथे ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर निघालं आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता.

यावरून दोन उलट निष्कर्ष काढले जातात. विमा कंपनी जुन्या आकड्यांना चिकटून बसते. सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये नवे निकष काढले. त्यांनुसार आशियाई माणसाला २७.५ बीएमआयपासूनच शस्त्रक्रिया देऊ करावी. २७.५ म्हणजे त्याच पाच फूट पाच इंचाच्या माणसाचं ७५ किलो वजन. असा माणूस तुमच्या-आमच्या प्रत्येक घरात एक तरी आहे. त्याला सोनोग्राफीत ग्रेड टू निघालं म्हणून जठर कापायचं? लिव्हरसाठी तरी त्याला भक्कम आधार मला दिसत नाही. रोमचे आणि क्लीव्हलंडचे रुग्ण बीएमआय ३० च्या पुढचे होते. त्याखालच्या माणसाला तोच फायदा होईल, हे गृहीत धरण्यासारखं नाही, आणि बारीक शरीराच्या फॅटी लिव्हरवर तर शस्त्रक्रिया हा उपायच नव्हे. भारतीय शरीर वेगळं आहे, हे खरंच आहे. पण ते वेगळेपण शस्त्रक्रियेचा बाजार वाढवायला वापरणं ही चलाखी झाली.

म्हणून माझी मागणी मधली, पण ठाम आहे. विम्याच्या त्या यादीत पाचवं दुखणं घाला : दुसऱ्या पायरीपासून पुढचा फायब्रोसिस, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती घट्ट झालं आहे ते बाहेरून मोजणारी तपासणी) किंवा बायोप्सीने दाखवलेला. आणि त्यासाठी बीएमआयची अट ३० ठेवा. नुसती चरबी, ग्रेड कितीही असो, त्यात नको. विमा कंपन्या खर्चाचं रडगाणं गातील. शस्त्रक्रियेला काही लाख लागतात, लिव्हर प्रत्यारोपणाला त्याच्या कितीतरी पट, आणि त्यानंतर औषधं जन्मभर. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं घरातल्या जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा घेऊन होतात. एकाच स्वयंपाकघरातलं खाल्लेल्या, एकाच रक्ताच्या त्या भावाच्या किंवा मुलाच्या लिव्हरमध्येही चरबी निघते, मग त्याला आधी वजन उतरवून या म्हणून परत पाठवतात. रुग्णाकडे तेवढा वेळ असेलच असं नाही.

सिरोसिस झालेल्यांचं काय? इथे सावधच राहायला हवं. पोटात पाणी झालेलं, अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या, कावीळ उतरत नाही, अशा माणसावर ही शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ. लिव्हर अजून तग धरून आहे अशा सिरोसिसमध्ये मात्र क्लीव्हलंडच्याच २०२५ च्या अभ्यासाने आशा दाखवली. पंधरा वर्षांत लिव्हरच्या गंभीर घटनांचं प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत २०.९ टक्के, न झालेल्यांत ४६.४ टक्के. पण शस्त्रक्रिया झालेले रुग्ण फक्त ६२ होते, तेही अनुभवी केंद्रातले. तालुक्याच्या गावी नव्याने दुर्बीण आलेल्या रुग्णालयाने हा आकडा भिंतीवर लावू नये.

आता इंजेक्शनं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरोम हे फॅटी लिव्हरच्या सुजेवरचं पहिलं औषध मंजूर झालं, पण ती गोळी आहे; ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनलाही त्याच कामासाठी मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत दीड वर्षाच्या आसपास ६३ टक्क्यांची सूज गेली, नुसती बनावट सुई घेणाऱ्यांत ३४ टक्क्यांची. व्रण कमी झाले ३७ टक्क्यांचे, तुलनेत २२. भारतात या औषधाच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती आणि स्वस्त भारतीय आवृत्त्यांची तयारी औषध कंपन्यांनी कधीपासून चालवली होती. मग शस्त्रक्रिया हवीच कशाला? ज्याला इंजेक्शन मानवतं आणि परवडतं, त्याने आधी तेच करावं, यात वाद नाही. पण ते थांबवलं की वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, हेही याच औषधाच्या दुसऱ्या एका चाचणीत दिसलं आहे. दर आठवड्याची सुई आयुष्यभर चालू ठेवणं आणि एकदा होणारी शस्त्रक्रिया यांची तुलना रुग्णागणिक बदलेल. ती करणारा डॉक्टर सुईही विकत नसावा आणि शस्त्रक्रियाही, एवढीच माझी अपेक्षा. ती फार मोठी आहे, याची कल्पना आहे.

लिव्हर टॉनिकबद्दल दोनच वाक्यं. फॅटी लिव्हरचे व्रण भरून काढल्याचा पुरावा त्यांच्यापैकी कुणाकडे नाही. आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्यांनी कोविडच्या काळात गुळवेलाचे काढे पिऊन लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली नोंद वाचावी.

शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो असतात. ‘नंतर’च्या नंतर काय, ते नसतं. जठर लहान झालं की बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कधी थायमिन कमी पडतं. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या एका पाहणीत, जी २००६ साली प्रसिद्ध झाली, ६७ टक्क्यांचं बी-१२ आधीच कमी होतं. अशा शाकाहारी, वरण-भात-पोळीवर जगणाऱ्या माणसाचं जठर कापल्यावर त्याने रोज ६० ग्रॅम प्रथिनं कुठून आणायची? वरणाची पातळ वाटी यात फारशी कामाची नाही. पनीर, दही, सोया, अंडी, प्रथिनांची पावडर यांचं गणित आहारतज्ज्ञाने घरच्या बाईसमोर बसून मांडावं लागतं, कारण बहुतेक घरांत स्वयंपाक तिच्या हातात असतो. पहिल्या सहा महिन्यांत वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. ते टाळायची गोळी असते, ती घ्यायची आठवण कुणीतरी करावी लागते.

आणि दारू. बायपासनंतर दारू फार लवकर रक्तात चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत बायपास झालेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांमध्ये पाच वर्षांत दारूच्या व्यसनाची नवी लक्षणं दिसली. लिव्हर वाचवायला शस्त्रक्रिया केली आणि त्याच लिव्हरला दारूच्या तोंडी दिलं, असं होऊ शकतं. ‘कधीतरी सोशल’ म्हणणाऱ्या आपल्या पुरुषमंडळींना हे शस्त्रक्रियेच्या आधी, बायकोसमोर, स्पष्ट सांगायला हवं. संमतीपत्राच्या बारीक अक्षरांत नव्हे.

निवड लिव्हरवरून करायची, तर आधी लिव्हर तपासायला हवं. त्यासाठी भारी यंत्र लागतं, हा गैरसमज. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरच्या दोन रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट, एवढ्यावर फिब-४ नावाचा आकडा निघतो. वयाला एसजीओटीने गुणायचं आणि प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी भागायचं. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ५२ आणि प्लेटलेट १ लाख ६५ हजार. प्लेटलेट हजारात धरायच्या, म्हणजे १६५. उत्तर येतं २.१. आकडा १.३ च्या आत असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या पुढे गेला तर लिव्हरतज्ज्ञाकडे जायलाच हवं. मधल्यांनी फायब्रोस्कॅन करावा, म्हणजे आपल्या या माणसानेही. पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू पडत नाही आणि पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ची मर्यादा धरतात. पण आपल्या या माणसाचे चारही आकडे सुटेसुटे पाहिले तर कुणाचं लक्षही जाणार नाही, इतके ते नेमस्त आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात. लॅबच्या संगणकाने रिपोर्टाखाली हा पाचवा आकडा छापावा, यासाठी एका परिपत्रकापलीकडे काही लागणार नाही.

खर्च लागेल तो नंतरच्या वर्षांना. आज शस्त्रक्रियेचं पॅकेज टाके निघेपर्यंतचं असतं. पुढच्या बी-१२च्या तपासण्या, फायब्रोस्कॅन, आहारतज्ज्ञाच्या भेटी हा रुग्णाचा खासगी मामला ठरतो आणि तो बघता बघता येईनासा होतो. विम्याने किंवा सरकारी योजनेने पैसे द्यायचे, तर ते पाच वर्षांच्या पाठपुराव्यासकट द्यावेत. रुग्णालयाची काही रक्कम राखून ठेवावी आणि पाचव्या वर्षीचा फायब्रोस्कॅन, रक्ताचे रिपोर्ट आणि रुग्ण दारू घेतो की नाही याची नोंद हाती आल्यावरच ती मोकळी करावी. रुग्ण आला नाही तर त्याला फोन करायचं काम रुग्णालयाचं. लील, रोम आणि क्लीव्हलंडचे आकडे आपण त्याशिवाय आणखी किती वर्षं उसने वापरणार?